उसना सुळा

न्हाणीतलं भाण मागितलं
तेव्हा आईनं एवढंच विचारलं,
"आणि आम्ही न्हायचं कशात, डुकराच्या रश्शात?"
मग परसात तीन धोंडे मांडून
जुनं पिंप चढलं.

भाटकार आर्सेनियोंचा माणूस
गोणपाटात गुंडाळलेलं डोकं ठेवून गेला होता.
गोणपाट माश्यांनी हलत होतं.
"आयतवारी देतो," म्हणाला बाबा.
कुठल्या आयतवारी, ते नाही म्हणाला.

पाणी खदखदता कामा नये.
नुसते ओठ हलत राहावेत त्याचे,
जप करणाऱ्या म्हाताऱ्यासारखे.
खदखदलं की चरबी हाडात शिरते
आणि दहा वर्षांनी, भिंतीवर बसल्या बसल्या,
हाडाला घाम फुटतो.

मांस काढायचं ते बांबूच्या चिपेनं.
सुरी हाडावर लिहून ठेवते.

मेंदू मागच्या भोकातून,
वाकवलेल्या तारेनं, थोडा थोडा,
मग पाणी ओतून हलवायचं.
हे काम माझं. मी नऊ वर्षांचा.
कान नसलेल्या कवटीला कान लावून ऐकायचो,
आत अजून काही डुचमळतंय का.

उरलंसुरलं मुंग्यांना.
फणसाखाली वारुळाला लागून खड्डा,
वर पालथी टोपली, टोपलीवर धोंडा,
आणि धोंड्याशी आशेनं बसलेला आमचा कुत्रा.
"तेरा दिवस," बाबा म्हणाला,
"माणसाचे तेवढेच."

तिकडे केप्याला, भाटकाराच्या बाल्कांवावर
डुक्कर रोज नव्यानं मरत होतं.
पहिल्या दिवशी वीस पावलांवर पडलं,
पाहुणे जमले तसं दहावर,
उर्राकाची बाटली फुटली तेव्हा
अगदी बुटाशी येऊन.

उकरल्यावर
बाबानं कवटी उन्हात धरली, फिरवली,
बराच वेळ बोललाच नाही.
मग माझं बोट धरून
खालच्या जबड्यात घातलं.

डाव्या दाढेच्या मुळाशी भोक.
माझा आंगठाही गेला असता.
कडा गुळगुळीत, जुन्या.
भोवतालचं हाड सुजून अक्रोडासारखं खडबडीत,
आणि त्या अंगाचा सुळा
मुळाशी कुजून मोडलेला.

"हा कुणाच्या अंगावर गेला नाही," बाबा म्हणाला.
"दिवाळीपासून ह्याला चावता येत नसणार.
ओहोळात थोबाड बुडवून उभा असेल.
गार पाण्यानं बरं वाटतं."
आणि स्वतःचाच गाल चोळला.

भाटकाराचा निरोप आला:
भोक बुजव, सुळा बसव, जोडी दिसली पाहिजे.

बाबाकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता,
बेवारशी दातांचा.
त्यातून कावऱ्याच्या डुकराचा सुळा निघाला,
वर्षं किती झाली त्याला, कोण जाणे.
सुळा दिसतो त्याच्या दुप्पट जबड्याच्या आत असतो,
म्हणून घासून घासून बसवावा लागला.
भोकात राळ आणि चुना.
मग बोटिकेतल्या औषधात भिजवलेला कापूस
सगळ्या हाडावर, दोन दिवस, सावलीत.

मोबदला: दोन पायली भात
आणि "फोंडू, तुझ्या हाताला देवानं डोळे दिलेत."

परवा तिथं पंप बसवायला गेलो.
घराचं आता हॉटेल झालंय.
पांढऱ्या सदऱ्यातला एक पोरगा
पाहुण्यांना भिंतीखाली उभं करून सांगत होता,
तीन पावलं, फक्त तीन पावलं.
पाहुणे फोटोसाठी दात काढत होते.

मी वायर सोलता सोलता वर पाहिलं.
हाडाला घाम नव्हता. कोरडं ठणठणीत.
पण डावा सुळा
उजव्यापेक्षा पिवळा होता.

त्याला तेवढं औषध लावलंच नव्हतं बाबानं.
तेव्हा मी आठवण करून दिली होती, मला आठवतं.
"असू दे," म्हणाला होता,
आणि बाटलीचं बूच लावलं होतं.

पोरग्यानं विचारलं, "काका, काही हवंय?"
"पाणी," मी म्हटलं.
गार होतं. डाव्या दाढेला
झिणझिण्या येईपर्यंत
तोंडात धरून उभा राहिलो.